आकृतीतला गृहस्थ

सराऊंड साऊंडच्या कुठल्याही माहितीपुस्तिकेत तिसऱ्या-चौथ्या पानावर एक आकृती असते. वरून पाहिलेली चौकोनी खोली. एका भिंतीला टीव्ही. खोलीच्या मधोमध एक कोच आणि कोचावर एक गृहस्थ. वरून काढल्यामुळे त्याचं फक्त डोकं आणि खांदे दिसतात. त्याच्याभोवती वर्तुळ आणि वर्तुळावर पाच स्पीकर. एक बरोबर नाकासमोर, डावा-उजवा प्रत्येकी ३० अंशांवर, मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान. हे आकडे कुणा दुकानदाराच्या मनातले नाहीत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची ‘बीएस ७७५’ नावाची शिफारस आहे, तिच्यात ते दिलेले आहेत. पाचही स्पीकर गृहस्थाच्या डोक्यापासून सारख्याच अंतरावर असावेत, असंही तिचं म्हणणं आहे.

माझी तक्रार या गृहस्थाबद्दल आहे.

त्याच्या खोलीला दार नाही. खिडकी नाही, बाल्कनी नाही, देव्हारा नाही, कपडे वाळत घालायचा स्टँड नाही. त्याच्या शेजारी कुणी बसत नाही, आणि बसलं तर शिफारस मोडते, कारण वर्तुळाला मध्य एकच असतो. ‘जरा सरका’ म्हणणारं त्याला कुणी नाही. मुख्य म्हणजे त्याने सोफा भिंतीला टेकवलेला नाही. पाठीमागे चार-पाच फूट जागा मोकळी सोडून तो निवांत बसला आहे. पुण्यात चौरस फुटाचा भाव काय चाललाय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी गुणाकार करून पाहावा. सोफ्यामागे एवढी जागा नुसती हवा खेळायला सोडणारा माणूस घरात बसून सिनेमे बघत नाही, तो नवी स्कीम काढत असतो.

आमचा हॉल पंधरा बाय दहाचा. ब्रोशरमध्ये त्याला ‘लिव्हिंग-डायनिंग’ म्हटलं होतं. म्हणजे डाव्या बाजूला भिंतच नाही, तिथे फ्रिज आहे आणि फ्रिजच्या पुढून स्वयंपाकघरात जायचा पॅसेज. उजवीकडे बाल्कनीचं सरकतं दार. सोफा मागच्या भिंतीला, म्हणजे तो जिथे सगळ्यांच्या घरी असतो तिथे. कोनमापक घेऊन बसलं तर डावा मागचा स्पीकर फ्रिजवर येतो आणि उजवा बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या डोक्यावर. शिफारस तंतोतंत पाळली असती तर सिनेमातलं हेलिकॉप्टर आमच्या फ्रिजमधून निघून कबुतरांमध्ये उतरलं असतं. बऱ्याच चर्चेनंतर डावा फ्रिजवर गेला आणि उजवा सरकत्या दाराच्या वर, पडद्याच्या दांडीमागे लपला. पडदा लावला की तो बाहेरच्या लोकांसाठी वाजतो.

‘५.१’मधल्या त्या ‘.१’चं आणखी वेगळं. दशांशचिन्हानंतर आलेली वस्तू लहान असेल, अशी सरळमार्गी माणसाची समजूत असते. कागदावर ती बरोबरही आहे. या वाहिनीत साधारण १२० हर्ट्झपर्यंतचेच, म्हणजे निव्वळ खर्जातले आवाज असतात. बाकीच्या पाच थेट २०,००० हर्ट्झपर्यंत जातात. म्हणून हिला पूर्ण अंक न देता दशांश दिला, आणि हिशेब केला तर तोही सढळ हातानेच दिला आहे. प्रत्यक्षात खोक्यातून जो दशांश बाहेर निघाला तो उचलायला दोन माणसं लागली. “ही तिजोरी कुणाची?” असं आईने विचारलं.

हा सबवूफर कुठे ठेवायचा, यासाठी जाणकारांनी मान्य केलेली एक पद्धत आहे. आपण जिथे बसतो तिथे, म्हणजे सोफ्यावर, वूफर बसवायचा. भरपूर खर्ज असलेलं काहीतरी लावायचं. मग आपण भिंतीच्या कडेकडेने रांगत जायचं, आणि रांगताना जिथे आवाज सगळ्यात नीट लागेल ती वूफरची जागा. थट्टा नाही, पद्धत खरोखर चालते. खर्जाच्या लाटा लांबलचक असतात. ३८ हर्ट्झच्या स्वराची लाट तीसेक फुटांची, म्हणजे आमच्या हॉलच्या बरोबर दुप्पट. असा स्वर समोरासमोरच्या दोन भिंतींपाशी फुगतो आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे एकाच घरात एकाला घुमतंय आणि दुसऱ्याला काही ऐकूच येत नाही, असं होतं आणि दोघंही खरं बोलत असतात. पद्धतीवर माझा आक्षेप एवढाच की, पन्नाशी उलटलेला माणूस सोफ्यावर वूफरला बसवून स्वतः फरशीवर रांगत असतो तेव्हाच दाराची बेल वाजते. मेंटेनन्सची पावती द्यायला सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. त्यांनी वूफरकडे पाहिलं, माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं, पावती दिली आणि काही विचारलं नाही. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटले की ते माझ्या तब्येतीची चौकशी करतात. तीसुद्धा बायकोकडे.

रांगून सापडलेली जागा नेमकी देव्हाऱ्याखाली निघाली. त्यामुळे वूफर आता शू-रॅकशेजारी आहे. त्याच्यावर आईने क्रोशाचा रुमाल घातला, आणि रुमाल उघडा-बोडका वाटतो म्हणून त्यावर पितळेचं कासव ठेवलं. युद्धपट लागला की कासव चालू लागतं. सुरुवातीला ते रुमालाच्या मध्यावर असतं, मध्यंतराच्या सुमारास कडेला येतं, आणि शेवटच्या लढाईच्या आधी कुणीतरी उठून त्याला मागे नेऊन ठेवावं लागतं. हे काम ज्याच्याकडे येतं त्याला लढाई कोण जिंकलं ते कधीच कळत नाही.

वायरिंगसाठी बुधवारात तापकीर गल्लीत जाऊन चांगली तांब्याची, जाडजूड वायर आणली होती. इलेक्ट्रिशियन मुलगा आला, चारही भिंतींवरून त्याने नजर फिरवली आणि या राज्यातला प्रत्येक इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि दाताचा डॉक्टर जे वाक्य उच्चारतो तेच उच्चारलं: “काका, आधी का नाही बोलावलंत?” आधी म्हणजे बिल्डिंग बांधताना. आता कन्सील्ड करायचं तर भिंत फोडायची, नाहीतर केसिंग पट्टी. पट्टी पांढरीशुभ्र मिळते. भिंत पांढरीशुभ्र कुणाचीच नसते. हॉलमध्ये आता छताच्या कडेने एक पांढरी रेघ फिरते आणि आलेला प्रत्येक पाहुणा ‘इथे लिकेज होतं का?’ असं विचारतो.

स्पीकरच्या वायरीत दोन तारा असतात, एक लाल आणि एक काळी. मी म्हटलं, “लाल लालमध्येच जाऊ दे रे.”

“काका, यात प्लस-मायनस काही नसतं. एसीच असतो आत.”

या विधानात सगळ्यात वाईट गोष्ट ही की ते खरं आहे. स्पीकरमध्ये जाणारा प्रवाह दिशा बदलतच असतो. पण दोनपैकी एकाच्या तारा उलट झाल्या की एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, दोघांचा खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो, आणि आवाज नेमका कुठून येतोय ते समजेनासं होतं. मी हे सगळं त्याला समजावून सांगितलं. त्याने शिडीवरून शांतपणे ऐकून घेतलं, पट्टीला शेवटचा स्क्रू मारला आणि म्हणाला, “होईल हळूहळू सेट. नवीन आहे ना.”

मग कॅलिब्रेशन. सगळे स्पीकर ज्याला जोडायचे त्या रिसीव्हरबरोबर एक छोटा मायक्रोफोन येतो. तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून ‘सूंऽऊप’ असा आवाज सोडतो, तो किती जोरात आणि किती वेळाने पोचला ते मोजतो आणि त्याप्रमाणे प्रत्येकाला वेसण घालतो. आवाजाला एक फूट जायला एक मिलिसेकंदही लागत नाही, जरा कमीच. माझा फ्रिजवरचा स्पीकर कानापासून तीन फुटांवर, पडद्यामागचा नऊ फुटांवर. तर फ्रिजवाल्याला पाचेक मिलिसेकंद थोपवून धरायचं, म्हणजे दोघं एकदम पोचतात. हे यंत्राला चोख जमतं. सोफ्यावर चार माणसं बसतात, हे मात्र त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला हाच हिशेब उफराटा होतो. मायक्रोफोन आठ जागी ठेवून मोजमाप घ्या, असं ते उदारपणे सुचवतं. पण अंतर धरतं ते पहिल्याच जागेवरून, म्हणजे पुन्हा त्या आकृतीतल्या गृहस्थाच्या डोक्यावरून.

मोजमाप चालू असताना खोलीत संपूर्ण शांतता हवी. पंखा बंद, खिडक्या बंद. महिना मे. मायक्रोफोन तिकाटण्यावर, आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे, कारण मोजमापाच्या वेळी मधे उभं राहायचं नसतं. पहिली सूंऽऊप झाली आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. “अजून दोन व्हायच्यात,” असं आतून कळवण्यात आलं. त्या झाल्या. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या स्पीकरपाशी खाली भंगारवाला आला. त्याने अलीकडे आवाज रेकॉर्ड करून गाडीवर कर्णा लावला आहे आणि तो कर्णा आमच्या सेंटर स्पीकरपेक्षा स्पष्ट आहे. पुन्हा पहिल्यापासून. पाचव्यापर्यंत सगळं सुरळीत गेलं. मग आईने अगदी हलक्या आवाजात विचारलं, “आता बोललं तर चालेल का रे?” यंत्राने पडद्यावर इंग्रजीत लिहिलं की पार्श्वभूमीला गोंगाट फार आहे. त्या पार्श्वभूमीला आम्ही घर म्हणतो.

अखेर ते पार पडलं आणि यंत्राने निकाल दिला: मागच्या उजव्या स्पीकरच्या तारा उलट जोडलेल्या आहेत. सेट झालं नव्हतं.

टीव्ही आणि रिसीव्हर यांना जोडणारी केबल हा वेगळाच विषय आहे, आणि त्यावर मी रागाने लिहिणार नाही असं ठरवलं आहे. टीव्हीच्या मागे एचडीएमआयचे चार पोर्ट असतात. त्यातल्या फक्त एकावर ‘एआरसी’ अशी बारीक अक्षरं असतात आणि टीव्हीतून आवाज परत बाहेर येतो तो तेवढ्याच पोर्टमधून. टीव्ही भिंतीला. भिंत आणि टीव्ही यांच्यात दोन बोटांचं अंतर. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसरा हात मनगटापर्यंत आत, गाल पडद्याला टेकलेला, अशा अवस्थेत ती अक्षरं वाचायची असतात. वाचली. जोडली. आवाज आला. सगळे खूष झाले, आई तर म्हणाली, “छान येतोय हो आवाज!” पुढे मुलगा बंगळुरूहून सुट्टीला आला आणि रिसीव्हरची डबी बघून म्हणाला, “बाबा, हे स्टिरिओ दाखवतंय.” टीव्ही कंपनीने कारखान्यातूनच सेटिंग ‘पीसीएम’वर ठेवून पाठवलं होतं, आणि एआरसीमधून पीसीएम दोनच वाहिन्यांचं जातं. २००९ साली ही सोय काढताना तेवढंच पुरे वाटलं असावं. २०१७ मध्ये सुधारून ‘ईएआरसी’ आणलं, पण ते आमच्या टीव्हीत नाही. सेटिंग बदलल्यावर पाचही वाजू लागले. आई म्हणाली, “आधीचं बरं होतं.”

आता प्रत्यक्ष सिनेमा बघण्याविषयी. सिनेमाचा आवाज ज्या पातळीला धरून बसवतात तिथे एकेका वाहिनीला १०५ डेसिबलपर्यंत उसळी मारायची मुभा असते, आणि माणसांचं बोलणं त्याच्या पुष्कळ खाली राहतं. थिएटरात हे शोभतं. आपल्याकडच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आमचा अंगठा रिमोटवर ठेवलेला असतो. नायक मरणाऱ्या मित्राच्या कानाशी वाकतो, मित्र खुन्याचं नाव सांगतो. “काय म्हणाला?” सगळेच विचारतात. मी आवाज वाढवतो. तेवढ्यात पेट्रोल पंप उडतो. “अहो, कमी करा!” कमी करतो. आता नायक त्या नावाविषयी आईशी हळू आवाजात बोलू लागतो.

यावर रिसीव्हरमध्ये ‘नाइट मोड’ नावाचा उपाय आहे. तो मोठे आवाज दाबतो, छोटे उचलतो आणि सगळं एका पातळीत आणून ठेवतो. म्हणजे पाच स्पीकर, एक तिजोरी, मोजमाप आणि पांढरी पट्टी एवढं करून शेवटी एक बटण दाबायचं आणि जुन्या टीव्हीचा आवाज मिळवायचा. आम्ही ते दाबतो. शिवाय मराठी सिनेमा मराठी घरात इंग्रजी सबटायटल लावून बघतो.

आणि सिनेमा असतो आठवड्यातून एकदा. रोज संध्याकाळी असते ती सिरियल. तिचा आवाज मुळात दोनच वाहिन्यांचा, पण पाच स्पीकर घेतले आहेत तर पाचही वाजले पाहिजेत असा रिसीव्हरचा बाणा. तो दोनाचे पाच करतो: बोलणं समोर ठेवतो आणि बाकीचं मागे वाटून टाकतो. सुनेने सासूचा डाव ओळखला की तिचा चेहरा तीनदा जवळून दाखवतात आणि तीनदा ‘ढँऽण’ होतं, ते आता फ्रिजवरून येतं. पहिल्या ढँऽणला आईने मागे वळून “कोण आलंय स्वयंपाकघरात?” असं विचारलं. आता ती वळत नाही, पण सिरियलपुरता फ्रिजवरचा स्पीकर भिंतीकडे तोंड करून ठेवते. सकाळी लादी पुसायला येणाऱ्या मावशी समोरच्या दोघांना पुसण्याच्या सोयीने फिरवून जातात. ३० अंश आमच्याकडे सकाळी नऊपर्यंतच असतात.

कऱ्हाडचे मामा हे सगळं बघायला आले. फोनवर मी त्यांना ‘घरी डॉल्बी बसवलाय’ असं सांगितलं होतं. त्यांनी आल्या आल्या बाल्कनीतून खाली वाकून पाहिलं, ट्रॅक्टर कुठे दिसेना. त्यांच्याकडे डॉल्बी विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेला असतो, माळ्यापर्यंत उंच, आणि तो वाजला की काचा उतरवून ठेवाव्या लागतात. मी फ्रिजवरच्या स्पीकरकडे बोट दाखवलं. मामांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग विषय बदलून उसाचा दर काढला. ज्या रे डॉल्बीचं हे नाव, त्याने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर घालवण्यासाठी, हे मी मामांना सांगणार होतो. पण ते आधीच दुखावले होते.

दुकानदाराचा गेल्या महिन्यात पुन्हा फोन आला. आता ‘ॲटमॉस’ घ्या म्हणाला. २०१२ साली थिएटरांत आलेलं हे तंत्र आवाज डोक्यावरूनही आणतं. त्यासाठी एक तर छतात स्पीकर बसवायचे, नाहीतर आहेत त्यांच्यावर असे स्पीकर ठेवायचे जे आवाज वर छताकडे फेकतात आणि तो छतावरून परतून आपल्याकडे येतो. छताला पंखा असतो, हे मी त्याच्या निदर्शनास आणलं. “मग एसी घ्या ना, सर,” तो म्हणाला. एसीही तो विकतो.

राहता राहिले आमच्या खालच्या मजल्यावरचे काका. निवृत्त आहेत, लवकर जेवतात, रात्री दहाला आडवे होतात. खर्जाला स्लॅब अडवू शकत नाही, त्यामुळे आमच्या प्रत्येक सिनेमातला तो ‘.१’ तेवढा त्यांच्याकडे उतरतो. संवाद नाहीत, गाणी नाहीत, नुसता धडाड आणि धुम्म. एका रविवारी सकाळी ते वर आले तेव्हा मी माफीची सगळी तयारी ठेवली होती. ते सोफ्यावर बसले, मधोमध. चहा झाला.

“तक्रार काही नाही,” ते म्हणाले, “पण काल तुम्ही साडेदहाला एकदम बंद केलंत. त्या ट्रकचं पुढे काय झालं?”

मी म्हटलं, “काका, ट्रक नव्हता. ऐतिहासिक सिनेमा होता. किल्ल्याचा बुरूज ढासळत होता.”

काकांनी कप खाली ठेवला आणि मान हलवली. “नाही हो, ट्रकच होता. आमच्याकडे अगदी स्पष्ट येतो आवाज.”